युरोव्हिजन, झगमगाट आणि बाझलमधलं शून्य

मे २०२५. बाझल शहरात युरोव्हिजनची, म्हणजे मुख्यतः युरोपीय देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेची, अंतिम फेरी. यजमान स्वित्झर्लंडची झोई मे परीक्षकांच्या यादीत २१४ गुणांनी दुसरी आली. थोड्या वेळाने जनतेच्या मतांचा आकडा जाहीर झाला, तो होता शून्य. दोन्ही मिळून तिचा क्रमांक लागला दहावा. गाणं फ्रेंच, मंचावर ती एकटी, नर्तक नाहीत, आतषबाजी नाही, आणि सगळं चित्रण एकाच कॅमेऱ्याने कुठेही न कापता केलेलं. त्याच रात्री ब्रिटनच्या तीन गायिकांच्या गटालाही परीक्षकांनी ८८ गुण दिले आणि जनतेने शून्य.

असा निकाल लागला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: लोकांना झगमगाट हवा, संगीत कळतं ते परीक्षकांना. माझ्या मते हे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. परीक्षक झगमगाटाला भरभरून गुण देतात. जनतेने अगदी साध्या सादरीकरणांना डोक्यावर घेतल्याचे दाखलेही कमी नाहीत. निकालातली तफावत बऱ्याच अंशी मत मोजण्याच्या पद्धतीतून येते, आणि ती पद्धत समजल्याशिवाय ‘संगीत की देखावा’ हा वाद पुढे सरकत नाही.

तेव्हा आधी हिशेब. प्रत्येक देश दोन वेगळे संच देतो, एक परीक्षकांचा आणि एक जनतेचा. दोन्ही संचांत पहिल्या दहा गाण्यांनाच गुण मिळतात: १२, १०, ८ आणि मग ७ पासून १ पर्यंत. अकराव्या गाण्याला काही नाही. १२-१०-८ ही रचना १९७५ पासूनची आहे. परीक्षकांचे आणि जनतेचे गुण कार्यक्रमात वेगवेगळे जाहीर होऊ लागले ते २०१६ पासून.

इथपर्यंत दोन्ही बाजू सारख्याच. फरक त्याच्या आधीच्या पायरीवर पडतो. परीक्षकाला अंतिम फेरीतल्या सगळ्या गाण्यांची क्रमवारी लावावी लागते. आपल्या देशाचं गाणं वगळून पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. त्या देशातल्या परीक्षकांच्या क्रमवाऱ्या एकत्र करून देशाचे दहा ठरतात. प्रेक्षक मात्र क्रमवारी लावत नाही. तो आवडत्या गाण्यासाठी फोन उचलतो किंवा अ‍ॅप उघडतो आणि पैसे खर्च करून मत देतो. चौथ्या नंबरवर आवडलेल्या गाण्यासाठी कोण पैसे खर्च करतो?

आता असं गाणं डोळ्यांसमोर आणा, जे जवळपास प्रत्येकाला बरं वाटलं आणि बहुतेकांच्या मनात चौथं-पाचवं राहिलं. परीक्षकांच्या पद्धतीत अशा गाण्याची चांदी होते, कारण सगळ्या परीक्षकांनी चौथा-पाचवा क्रमांक दिला की ते देशाच्या पहिल्या पाचांत सहज बसतं. जनतेच्या पद्धतीत त्याच गाण्याला मतंच पडत नाहीत. प्रत्येक देशात ते अकरावं किंवा बारावं येतं आणि सदतीस देशांतून बेरीज शून्य होते. म्हणजे बाझलच्या शून्याचा अर्थ ‘कुणालाच आवडलं नाही’ असा होत नाही. एकाही देशात ते पहिल्या दहात पोचलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. संगीताच्या दर्जाबद्दल तो आकडा फारसं काही सांगत नाही.

उलट टोकाला २०२३ चा फिनलंडचा कारिया. हिरव्या फुगीर बाह्या, लाकडी खोक्यातून बाहेर पडणं, अर्ध्यात मेटलवरून पॉपवर उडी. जनतेचे ३७६ गुण, परीक्षकांचे १५०. लिव्हरपूलच्या त्या रात्री जिंकली स्वीडनची लोरीन: परीक्षकांचे ३४०, जनतेचे २४३. कारियाचं गाणं ज्यांना आवडलं त्यांना ते पहिल्या नंबरवर आवडलं होतं, आणि जनमताच्या पद्धतीत मोल त्यालाच आहे. लोरीन मात्र जनतेतही दुसरी होती, हे वाद घालताना विसरलं जातं. शिवाय तिचं सादरीकरण साधं मुळीच नव्हतं. खाली एक प्रचंड एलईडी पाट, वर तसाच दुसरा, मधल्या फटीत ती आडवी, आणि वरचा पाट हळूहळू उचलला जातो. परीक्षकांनी सर्वाधिक गुण दिले ते त्या वर्षीच्या सर्वांत अवजड देखाव्यांपैकी एकाला.

परीक्षकांकडे नियमाने चार गोष्टी सोपवलेल्या आहेत: गायनाची क्षमता, मंचावरचं सादरीकरण, रचना आणि तिची मौलिकता, आणि एकूण परिणाम. चारपैकी एक थेट मंचाबद्दल आहे आणि ‘एकूण परिणाम’ यातही मंच येतोच. परीक्षक सभागृहात बसत नाहीत. आपापल्या देशात ते दूरचित्रवाणीचं चित्र पाहतात, आणि तेही थेट कार्यक्रमाचं नाही, तर आदल्या संध्याकाळच्या रंगीत तालमीचं. म्हणजे अर्धे गुण प्रेक्षक टीव्ही लावायच्या आधीच ठरलेले असतात. गायिकेचा आवाज आदल्या रात्री बसला आणि दुसऱ्या दिवशी खुलला, तर परीक्षकांच्या गुणांत त्याचा काही उपयोग नाही. अनुभवी गायक म्हणूनच आवाज राखायचा असेल तर दुपारच्या तालमींत राखतात आणि त्या संध्याकाळी सगळं ओततात.

परीक्षकांना देखाव्याचं वावडं नाही, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा लिस्बनचा. २०१८ मध्ये यजमान पोर्तुगालने मंचावर एलईडी पडदे ठेवलेच नव्हते. स्वीडनच्या बेंजामिन इंग्रोसोने स्वतःची प्रकाशनळ्यांची चौकट आणली आणि तिच्यात उभा राहून, म्युझिक व्हिडिओ वाटावा असं तीन मिनिटांचं चकचकीत काम केलं. परीक्षकांनी २५३ गुण देऊन त्याला दुसऱ्या क्रमांकावर बसवलं. जनतेने दिले २१. इथे झगमगाटाला भुलले कोण?

२०१५ चं व्हिएन्ना तर या वादासाठी खास आठवावं. स्वीडनचा मॉन्स सेल्मरलोव्ह पडद्यावर प्रक्षेपित केलेल्या रेखाचित्रातल्या मुलाबरोबर अभिनय करत गायला. हात कधी उचलायचा, पाऊल कुठे टाकायचं, नजर कोणत्या उंचीवर ठेवायची, सगळं चित्राच्या हालचालीशी सेकंदाच्या अंशापर्यंत जुळलेलं. इटलीकडून इल व्होलोचे तिघे होते, ऑपेराच्या अंगाने गाणारे, आवाजाच्या ताकदीवर उभे. जनतेत इटली पहिली आणि स्वीडन तिसरं. परीक्षकांत स्वीडन पहिलं आणि इटली सहावी. एकूण विजेता स्वीडन. ‘जनतेला खेळ हवा, तज्ज्ञांना गळा’ या समजुतीच्या नेमकं उलट घडलं. पुढच्याच वर्षी स्टॉकहोममध्ये चित्र फिरलं. प्रक्षेपणाच्या भिंतीवर चढणारा रशियाचा सेर्गेय लाझारेव्ह जनतेत ३६१ गुणांनी पहिला आला, ऑस्ट्रेलियाची डामी इम परीक्षकांत ३२० गुणांनी पहिली, आणि दोन्ही याद्यांत दुसरी आलेली युक्रेनची जमाला परीक्षकांचे २११ आणि जनतेचे ३२३ अशा बेरजेने जिंकली.

मग निव्वळ जनमताच्या काळात काय झालं? १९९७ मध्ये पाच देशांनी फोनचं मत आजमावलं, पुढच्या वर्षीपासून ते सर्वत्र पसरलं, आणि २००९ मध्ये परीक्षक निम्म्या वजनाने परत आले. मधल्या काळातले विजेते पाहा. २००६ अथेन्स: राक्षसांचे मुखवटे घातलेला फिनलंडचा रॉक गट लॉर्डी. २००८ बेलग्रेड: रशियाचा दिमा बिलान, सोबत कृत्रिम बर्फाच्या छोट्या चकतीवर स्केटिंग करणारा ऑलिंपिक विजेता एव्हगेनी प्लुशेन्को आणि एक नामवंत व्हायोलिनवादक. एवढं ऐकून झगमगाटाची बाजू भक्कम वाटते. पण या दोघांच्या मधल्या वर्षी, २००७ मध्ये हेलसिंकीला, त्याच जनतेने सर्बियाच्या मारिया शेरिफोविचला २६८ गुण देऊन निवडलं. सूट, पांढरा शर्ट, मागे पाच साथगायिका, सर्बियन भाषेतलं प्रार्थनागीत, जवळजवळ स्थिर मंच. दुसऱ्या क्रमांकावर होती युक्रेनची व्हेर्का सेर्दुच्का, नखशिखांत चंदेरी, डोक्यावर तारा, सगळ्या सभागृहाला नाचवणारी. झगमगाट आणि गळा समोरासमोर उभे होते, परीक्षकांचा हात जवळपास नव्हताच, आणि गळा ३३ गुणांनी जिंकला.

मोठ्या वस्तूंनी मतं मिळतात असंही नाही. रॉटरडॅम २०२१ मध्ये चार देशांना जनतेकडून शून्य मिळालं: ब्रिटन, जर्मनी, स्पेन आणि यजमान नेदरलँड्स. ब्रिटनच्या मंचावर माणसाहून मोठे कर्णे होते. जर्मनीने नर्तकीला हाताच्या पंजाचा वेश घातला होता. स्पेनने गायकाच्या डोक्यावर भलामोठा चंद्र टांगला होता. ब्रिटनला परीक्षकांनीही शून्यच दिलं. त्याच फेरीत फ्रान्सची बार्बारा प्राव्ही काळ्या कपड्यांत, रिकाम्या मंचावर, एकटी गायली आणि परीक्षकांचे २४८ नि जनतेचे २५१ गुण घेऊन दुसरी आली. तिच्या गाण्याचा वेग शेवटच्या मिनिटात वाढत जातो आणि त्याबरोबर कॅमेरा तिच्याभोवतीची फेरी जवळ आणत नेतो. रिकामा मंचही कुणीतरी विचार करून रिकामा ठेवलेला असतो.

माझा मुद्दा इथेच आहे. या स्पर्धेत गाणं आणि देखावा अशा दोन वेगळ्या वस्तू स्पर्धकाच्या हातात उरलेल्याच नाहीत, आणि याला नियम जबाबदार आहेत. गाणं जास्तीत जास्त तीन मिनिटांचं. मंचावर जास्तीत जास्त सहा माणसं. मुख्य गायन थेट. वाद्यं मात्र एकही थेट नाही. पूर्वी सभागृहात वाद्यवृंद असायचा आणि प्रत्येक देश आपला संचालक घेऊन यायचा. १९९९ पासून तो गेला आणि सगळी साथ ध्वनिमुद्रित झाली. गिटार गळ्यात असते पण तिची तार कुठेही जोडलेली नसते, ड्रमवर पडणारी काठी ऐकू येत नाही. २०२१ पासून साथगायनही ध्वनिमुद्रित चालतं, फक्त मुख्य गळ्याची जागा त्याने घ्यायची नाही.

या बदलाचा संगीतावर किती खोल परिणाम झाला याची चर्चा फार कमी होते. थेट वाजवणं हा संगीताचा मोठा भाग आहे. लय ओढणं-सोडणं, गायकाच्या श्वासाला थांबणं, चुकीतून सावरणं. हे सगळं मोजणीतून बाहेर गेलं. १९९४ मध्ये डब्लिनला आयर्लंडचे पॉल हॅरिंग्टन आणि चार्ली मॅकगेटिगन एक पियानो आणि एक गिटार एवढ्यावर, वाद्यवृंदाला हात न लावता, २२६ गुणांनी जिंकले. त्याच रात्री मध्यंतरात आयरिश नृत्याचा ‘रिव्हरडान्स’ पहिल्यांदा सादर झाला आणि पुढे जगभर गेला. म्हणजे झगमगाट तेव्हाही होता, पण तो स्पर्धेच्या बाहेर होता, आणि आत दोन माणसं खरोखर वाजवत होती. आज तेच दोघे आले तर त्यांचा पियानो मुका असेल. थेट म्हणून उरतो तो गळा आणि चित्र. सहा माणसांपैकी कुणी वादक थेट वाजवणारच नसेल, तर त्या जागा नर्तकांना जाणार हे ओघानेच आलं. म्हणून वाद्यवृंद परत आणा, किंवा निदान दोन-तीन वाद्यं थेट वाजवण्याची मुभा द्या, ही मागणी मला मनापासून पटते. अडचण तांत्रिक आहे, आणि ती खोटी नाही.

ती अडचण म्हणजे वेळ. दोन गाण्यांच्या मध्ये पुढच्या देशाची छोटी चित्रफीत दाखवतात, साधारण चाळीस सेकंदांची. तेवढ्यात मागच्या देशाचं सामान मंचाबाहेर, पुढच्याचं आत, जमिनीवरच्या खुणांवर चाकं अडकवायची, विजेच्या जोडण्या करायच्या, आतषबाजीच्या नळ्या ठेवायच्या, ओली जमीन पुसायची आणि गायकाला जागेवर उभं करायचं. थेट वाद्यं म्हटली की माइक लावणं आणि आवाजाची तपासणी आली. चाळीस सेकंदांत ते बसत नाही. याच कारणाने प्रत्येक मोठी वस्तू चाकांवर असते, दारातून जाईल अशा तुकड्यांत असते आणि काही जणांना ढकलता येईल एवढ्याच वजनाची असते. देशातल्या निवड फेरीत प्रभावी दिसलेला देखावा युरोव्हिजनला लहान होऊन येतो तो बहुतेक वेळा याचमुळे.

दुसरी टंचाई तालमीची. प्रत्येक देशाला मंचावर पहिली तालीम साधारण अर्ध्या तासाची आणि दुसरी वीस मिनिटांची मिळते. त्यात गाणं मोजून तीन-चार वेळा होतं. त्यानंतर थेट रंगीत तालमी. त्यामुळे खरं काम घरी होतं. कॅमेऱ्यांचा आराखडा गाण्याच्या मात्रांवर आधीच लिहिलेला असतो: कोणत्या शब्दावर कोणता कॅमेरा, किती सेकंद, जवळून की लांबून. कार्यक्रमाच्या वेळी हे कट संगणकावरून टाइमकोडच्या, म्हणजे गाण्याबरोबर चालणाऱ्या घड्याळाच्या, आधारे आपोआप होतात. प्रकाश, पडद्यावरची चित्रं आणि आतषबाजी त्याच घड्याळाला बांधलेली असते. गायकाच्या कानात ध्वनिमुद्रित साथीबरोबर तालाचा ठोकाही वाजतो. अर्धी मात्रा मागे पडणं परवडत नाही, कारण घड्याळ कुणासाठी थांबत नाही. गायक उशिरा वळला तर कॅमेऱ्याला त्याची पाठ मिळते.

बिघाड इथूनच सुरू होतात, आणि ते ठरावीक आहेत. पहिला: मागचा पडदा फार उजळ ठेवला की समोरचा चेहरा काळवंडतो. कॅमेऱ्याने उजेड कमी घेतला की चेहरा अंधारात, जास्त घेतला की पडदा पांढराफटक. यावर उपाय म्हणजे पडद्याचा उजेड उतरवणं आणि चेहऱ्यावर समोरून मऊ प्रकाश ठेवणं. दुसरा: नाचाची हालचाल आणि श्वास यांचा हिशेब न जुळणं. लांब सुराच्या आधीच्या दोन मात्रांत उडी किंवा जिना असेल तर सूर खाली बसतो. चांगला दिग्दर्शक त्या जागी गायकाला थांबवतो आणि हालचाल नर्तकांना देतो. तिसरा: धूर आणि पंखा. जड धूर जमिनीशी राहतो, पण हलका धूर वर आला की घसा कोरडा पडतो, आणि पंख्याचा झोत थेट माइकवर आला तर घरघर ऐकू येते. चौथा, माझ्या लेखी सर्वांत महागडा: गाण्याच्या चढत्या जागेवर आतषबाजी. ज्वाळा उसळल्या की चित्रण लांबच्या कॅमेऱ्यावर जातं, म्हणजे गायक ज्या क्षणी सर्वांत जास्त देतोय नेमका त्याच क्षणी त्याचा चेहरा दिसेनासा होतो.

पाचवा बिघाड यजमानाकडूनही होऊ शकतो. तुरीनला २०२२ मध्ये मंचाच्या मधोमध फिरत्या कमानींचा मोठा ‘सूर्य’ बांधला होता. तो ठरल्याप्रमाणे फिरवता येईना, आणि त्याच्या हालचालीवर चित्रण बेतलेल्या देशांना ऐन वेळी आराखडे बदलावे लागले. ज्यांनी स्वतःच्या वस्तूवर किंवा नुसत्या गळ्यावर भिस्त ठेवली होती त्यांना फरक पडला नाही.

देखाव्यानं गाणं गिळलं, असंही होतं. आयर्लंडने २०२१ मध्ये कागदी कात्रणांचा थर-थर रचलेला देखावा आणला. गायिका त्या थरांमधून पळते आणि ठरलेल्या कोनातून पाहिलं की सगळं एकसंध चित्र दिसतं. कल्पना सुंदर, हातकाम अप्रतिम. पण तीन मिनिटं ती एका खुणेवरून दुसरीकडे धावत होती, आणि पाहणाऱ्याचं लक्ष ‘हे कसं केलं असेल’ याकडे गेलं. उपांत्य फेरीत आयर्लंड शेवटचं आलं. याच्याशेजारी २०२४ मध्ये मालमोला जिंकलेल्या स्वित्झर्लंडच्या नेमोचं सादरीकरण ठेवा. कलणारी, फिरणारी मोठी तबकडी, तिच्यावर तोल सांभाळत रॅप, ड्रम अँड बेस (वेगवान इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) आणि ऑपेराचा उंच सूर. गाण्याचा विषयच अस्थिर जागेवरून स्वतःची जागा शोधण्याचा, म्हणून तबकडीचं कलणं शब्दांचा अर्थ वाढवतं. परीक्षकांचे ३६५, जनतेचे २२६. कसोटी एवढीच: ती वस्तू काढली तर गाण्यातलं काही कमी होतं का? आयर्लंडचे कागद काढले असते तर गाण्याला मोकळा श्वास मिळाला असता. नेमोची तबकडी काढली तर अर्थ कमी होतो.

याच कसोटीवर २०१७ चा पोर्तुगालचा सॅल्व्हादोर सोब्राल पाहावा. ‘झगमगाटाविरुद्ध संगीत’ याचा तो झेंडा मानला जातो आणि जिंकल्यावर संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे असं त्याने सांगितलंही. त्याच्या बहिणीने, लुईझा सोब्रालने रचलेलं संथ गाणं, पोर्तुगीज भाषेतलं, परीक्षकांत ३८२, जनतेत ३७६, एकूण ७५८. पण तो कुठे उभा राहिला ते बघा. मुख्य मंच सोडून प्रेक्षकांच्या मधल्या छोट्या चौथऱ्यावर. मोठा मंच मागे, अंधुक. कॅमेरे सावकाश, चेहऱ्याजवळ. त्याच्या आधी आणि नंतर ज्वाळा, पडदे, नर्तक यांची रांग. सव्वीस गाण्यांच्या फेरीत ती शांतता सर्वांत वेगळी दिसणारी गोष्ट ठरली. गाणं अस्सल होतं म्हणून ती पेलली. कच्चं गाणं त्या चौथऱ्यावर उघडं पडलं असतं. २०१४ मध्ये नेदरलँड्सच्या कॉमन लिनेट्सनी एकाच माइकसमोर चेहऱ्याला चेहरा लावून गाऊन दुसरा क्रमांक मिळवला, तोही याच रीतीने.

राजकारणाचा भाग मी इथे मुद्दाम बाजूला ठेवतो. २०२२ मध्ये युक्रेनला जनतेने ४३९ गुण दिले, ते युद्धाच्या वर्षी. शेजारी देशांची, स्थलांतरितांची मतं असतात. २०२५ मध्ये इस्रायलला जनतेचे २९७ आणि परीक्षकांचे ६० गुण पडले, तेव्हा एकाच माणसाला २० मतं देता येण्यावर वाद झाला. हे सगळं खरं आहे, पण संगीत आणि देखाव्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडत नाही. त्या वादानंतर नियम बदलले ते मात्र आपल्या विषयाचे आहेत. २०२३ ते २०२५ या काळात उपांत्य फेरीत परीक्षक नव्हते, केवळ जनमत होतं. म्हणजे अंतिम फेरी गाठायची तर गाणं कुणाच्या तरी पहिल्या नंबरवर बसलंच पाहिजे. याने प्रत्येक देशाला पहिल्या वीस सेकंदांत लक्ष वेधणाऱ्या सादरीकरणाकडे ढकललं, आणि संथ, हळू उलगडणाऱ्या गाण्यांची वाट उपांत्य फेरीतच अरुंद झाली. २०२६ साठी परीक्षक उपांत्य फेरीत परत आणले, त्यांची संख्या पाचावरून सात केली आणि कमाल मतं २० वरून १० केली. माझ्या दृष्टीने हा गेल्या काही वर्षांतला संगीताच्या बाजूने झालेला सर्वांत ठोस बदल आहे. मला अजून एक हवा आहे: परीक्षकांच्या चार कसोट्यांत रचनेचं वजन वेगळं आणि जास्त असावं.

स्पर्धेनंतर गाण्याचं काय होतं, तो हिशेब तर आणखी वेगळा. १९५८ मध्ये इटलीचा दोमेनिको मोदुन्यो तिसरा आला, आणि ते गाणं ‘व्होलारे’ या नावाने जगाने गायलं. नेदरलँड्सच्या डंकन लॉरेन्सने २०१९ मध्ये तेल अवीवला पियानोशी बसून, डोक्यावर एक प्रकाशाचा गोळा एवढ्या देखाव्यावर ४९८ गुण मिळवले. तो ना परीक्षकांत पहिला होता ना जनतेत, बेरजेने जिंकला. दोन वर्षांनी तेच गाणं टिकटॉकवरून अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढलं. आर्मेनियाची रोझा लिन २०२२ मध्ये अंतिम फेरीत विसावी आली. तिची खोली कागदांनी मढवलेली होती, तो देखावा आज फार थोड्यांना आठवेल. गाणं मात्र त्याच उन्हाळ्यात युरोपभर रेडिओवर वाजत होतं.

भारतातून पाहायचं असेल तर अंतिम फेरी उन्हाळी युरोपीय वेळेनुसार रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे शनिवारची रात्र उलटून साडेबाराला सुरू होते आणि चार तासांच्या आसपास चालते. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतल्या लोकांनाही कार्डाने पैसे भरून मत देता येतं, आणि अशा सगळ्यांची मिळून एका देशाएवढी किंमत धरली जाते. मत द्यायच्या आधी गाणी दोनदा घ्यावीत असं मी सुचवेन. एकदा आठवडाभर आधी, नुसती ऐकून, स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणावर. त्यातली कोणती परत ऐकावीशी वाटली ते लिहून ठेवायचं. दुसऱ्यांदा थेट कार्यक्रमात, यादी समोर ठेवून. जी गाणी यादीत नव्हती आणि पडद्यावर आवडली, तिथे सादरीकरणाने काम केलं. जी यादीत होती आणि पडद्यावर फिकी पडली, तिथे कॅमेरा, श्वास की प्रकाश, काय चुकलं ते शोधायचं. दोन्हीकडे टिकलेली तीन-चार गाणी हाती उरतात, आणि मतं सगळी एकाला न देता त्या तिघा-चौघांत वाटली तर बाझलमध्ये झालं तसं शून्य पडायची शक्यता थोडी कमी होते.